तक्रार : निल

फौजी माणसांजवळ चार दिवस बसलात की किस्से आपोआप साठत जातात, मागावे लागत नाहीत. अडचण वेगळीच आहे. हे लोक किस्सा सांगताना स्वतःला त्यातून काढून टाकतात! गोळी कुणाला लागली विचारलं, तर म्हणतात, "लागली एकाला." तो एक समोरच बसलेला असतो, चहात बिस्कीट बुडवत. म्हणून आमच्या मंडळींचे किस्से मलाच सांगावे लागतात.

मी साळवे, लासूर स्टेशनचा. फौजेत बावीस वर्षं काढली, पण बंदूक कमी आणि टाइपरायटर जास्त. हवालदार क्लार्क! चिकलठाण्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर आमची एक खोली आहे. तिथं रिटायर्ड फौजींची कामं चालतात. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाला कानाचं मशीन, कुणाचे कागद. खोली नंदू दाभाडेची. नंदू म्हणजे टीव्हीवरचा सुभेदार! कितीतरी वर्षं अख्खा महाराष्ट्र जेवता जेवता त्याला बघायचा. खरा हा चिकलठाण्याच्या कंपनी कामगाराचा पोरगा. फौजेत एक दिवस गेलेला नाही.

मग तो आमच्यात आला कसा? तिथूनच सुरू करतो.

*

शहरात माजी सैनिकांचा सत्कार होता. हॉल खचाखच. नंदू पाहुणा म्हणून आला तो थेट मालिकेतल्या वर्दीत. छातीवर मेडलं, मिशीला पीळ. मागं पोरं शिट्ट्या मारायला लागली. पुढच्या रांगेत आमची मंडळी बसली होती, ती मात्र एकदम गप्प.

त्या रांगेतून नायक हिवाळे उठले. गंगापूरकडचे, माझ्याच पलटणीतले. उंच, ताठ, बुटाला आरशासारखं पॉलिश. कुणी बोलावलं नव्हतं, तरी स्टेजवर चढले. नंदूनं सॅल्यूट ठोकला. यांनी घेतलाच नाही.

"वडील कधी गेले तुझे?" हिवाळेंनी विचारलं. माईक चालू होता, सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"वडील? वडील घरी आहेत की. चिकलठाण्याला."

"मग मेडलं उजवीकडं काहून? आपली स्वतःची डावीकडं असतात. उजवीकडं मेलेल्या बापाची लावतात."

मला वाटलं, झालं, हा स्टार माणूस आता चिडणार, नाहीतर हसण्यावारी नेणार. आयोजक पडद्याआडून हातानंच "खाली उतरा, खाली उतरा" करत होता. नंदूनं तिथंच मेडलं काढायला सुरुवात केली. पिन बोटात घुसली तो "स्स" पण माईकवर ऐकू आला. मेडलं खिशात टाकली आणि म्हणाला, "चुकलं. शिकवाल का मला?"

हिवाळेंनी त्याला वरून खालपर्यंत बघितलं. मग माझ्याकडं बोट केलं. "कागदाचं त्या बाबूला विचार. बाकीचं मी बघतो."

बाबू म्हणजे मी! रँकनं मी हवालदार, ते नायक, म्हणजे माझ्याहून खाली. पण बंदूकवाल्यांच्या लेखी क्लार्क म्हणजे बाबूच. त्या दिवसानंतर नंदूनं सेटच्या बाहेर वर्दी अंगाला लावली नाही. आणि आठवड्याभरात माझ्या दारात येऊन उभा राहिला, "काका, काम सांगा."

*

काम सांगितलं. पहिलंच काम शेख चाचांचं. चाचा तोफखान्यातले. आयुष्य तोफेच्या शेजारी गेलेलं, कान कधीच गेले होते. नंदूनं कानाच्या तपासणीचा कॅम्प लावला. काचेच्या खोलीत बसायचं, हेडफोनमध्ये आवाज आला की बोट वर करायचं.

चाचांनी दरवेळी बोट वर केलं. बरोब्बर! रिपोर्ट आला, कान उत्तम. मशीनची गरज नाही. आम्ही एकमेकांकडं बघतच राहिलो.

बाहेर आलो तर आवारात एक टँकर रिव्हर्स येत होता. पीं पीं पीं चालू, ड्रायव्हर हॉर्न देतोय, लोक ओरडतायत. चाचा आपले टोपी सारखी करत टँकरच्या बरोब्बर मागं चाललेले! नंदू पळाला. चाचांना कवेत घेऊन जमिनीवर पडला. चाक दोन हातांवर थांबलं. नंदूचं कोपर सोलून निघालं. ड्रायव्हर खाली उतरला तो पांढरा फटक.

आणि चाचा भडकलेले! "कायकू धक्का मारे जी?"

तेव्हा उलगडा झाला. तपासणीत चाचा काचेतून बाहेर बसलेल्या सिस्टरचा अंगठा बघत होते. तिनं बटण दाबलं की यांचं बोट वर!

"चाचा," नंदू कोपराला रुमाल बांधत म्हणाला, मोठ्यानं, अगदी तोंडासमोर तोंड आणून, "मी नाटक करून पोट भरतो. पण तुमच्यासारखा नट नाय बघितला!"

चाचांना हे मात्र कळलं. खाली बघत म्हणाले, "फौज में डॉक्टर कू हमेशा फिटच बोला मैं. आदत पड गई, बेटा."

नंदूनं मला विचारलं, असं का करतात हे लोक? मी सांगितलं, अरे, तिथं एक जण आजारी पडला की त्याची ड्यूटी शेजारच्यावर पडते. आपण झोपायचं आणि आपला दोस्त त्या थंडीत आपल्या जागेवर उभा राहणार! म्हणून कुणी बोलत नाही. आणि मग घरी आल्यावर पण बोलायचं जमत नाही.

*

हे जे कळलं, त्याची किंमत नंदूनं स्वतःच्या धंद्यात मोजली. मालिकेत सीन होता, सुभेदाराच्या पायाला गोळी लागते. डायरेक्टर म्हणाला, जोरात किंचाळ. नंदू म्हणाला, "नाय किंचाळणार. असं कुणी किंचाळत नाय. मी ज्यांच्यात बसतो, ते तोंड दाबून धरतात."

"अरे पण प्रेक्षकांना दुखणं कळायला नको का?"

"मग कॅमेरा जवळ आणा!"

सेटवर दीडशे माणूस थांबलेला. दोघंही हट्टाला पेटले. दुपारी शूटिंग बंद पडलं. आठ दिवसांनी मला नंदूचा फोन, "काका, मला मारलं."

"कुणी? कुठं हायेस तू?"

"मालिकेत हो! पुढच्या सोमवारी शहीद होतोय."

मी हसलो, पण त्याचा आवाज हसण्यासारखा नव्हता. घराचा हप्ता, पोरीची शाळा, सगळं त्या सुभेदारावर चाललेलं. आम्हाला वाटलं, आता हा खोली बंद करणार. दुसऱ्याच आठवड्यात तो माझ्याबरोबर एसटीनं गंगापूरला आला, हिवाळेंच्या घरी. दारात हिवाळेंची बायको, गयामामी. तिनं सोमवारचा भाग बघितला होता. त्याला बघून हातातलं ताटच खाली पडलं. मग जवळ येऊन त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि रडायलाच लागली. "मेल्यांनी काहून मारलं रे माझ्या लेकराला? दोन दिस चूल पेटवली नाय मी!"

"आन् मी उपाशी!" आतून हिवाळेंचा आवाज आला.

*

त्याच दिवशी नंदूला ते दिसलं. नटाची नजर असते, माणूस कसा उभा राहतो, कसा वळतो, हेच बघत असतात. परत येताना शेअर जीपमध्ये मला म्हणाला, "काका, हिवाळेमामांचा डावा बूट बघितला? टाच झिजलीच नाय. मामा त्या पायावर टेकतच नायत."

पुढच्या वेळी त्यानं सरळ विचारलं, "मामा, पायाला काय झालंय?"

हिवाळे म्हणाले, "बूट जुना हाय."

"नवीन घेऊ की. काढा बरं, माप बघतो."

"बूट काढायचा नाय." एकदम थंड आवाज. "चहा झाला असेल तर निघा."

आम्हाला हाकललं हो! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला लई राग आला. मी पण बोललो, शुगर आहे तुम्हाला, पायाशी खेळू नका.

जीप स्टँडवर गयामामी मागून पळत आली. धापा टाकत होती. "भाऊ, पायाला वास येतोय. मला बघू देत नायत. मोजा सुद्धा स्वतः धुतात. माझ्या भावाचा पाय असाच गेला, मांडीपासनं. कायतरी करा. तुमच्या पाया पडते."

ती खरंच वाकली. मी मागं सरकलो. नंदू मात्र तिथंच खाली बसला, तिच्या पुढ्यात. म्हणाला, "मामी, मामांचा पाय जाऊ देणार नाय." मला भीतीच वाटली. असं वचन कोण देतं?

*

पहिला डाव माझा. आपण कागदवाले. मी सिव्हिलमध्ये नंबर लावला, फॉर्म भरून तयार ठेवला, हिवाळेंना "रूटीन तपासणी, सगळ्यांचीच आहे" असं सांगून आणलं. फॉर्ममध्ये एकच रकाना मोकळा होता, तक्रार. म्हटलं, डॉक्टरसमोर बोलतीलच. मी केसपेपर आणायला गेलो तेवढ्यात यांनी माझ्या खिशातला पेन घेऊन स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून टाकलं : निल.

फौजेत रोजचा रिपोर्ट जातो ना, काही घडलं नसेल तर निल. तीच सवय!

डॉक्टरबाई तरुण. बाहेर लाईन पार जिन्यापर्यंत गेलेली. फॉर्म बघून म्हणाल्या, "काही त्रास नाही?"

"नो मॅडम. फिट."

"पाय दाखवा."

"पायाला काही नाही मॅडम. शुगरची गोळी लिहून द्या."

मी म्हटलं, "मॅडम, यांच्या पायाला..." हिवाळेंनी नुसतं वळून बघितलं. पलटणीत शत्रूकडं सुद्धा असं बघितलं नसेल! बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही नको म्हणालात तर मी जबरदस्तीनं बूट काढू शकत नाही. त्रास झाला तर या." पुढचा नंबर.

जिन्यावरून उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता, बोटं पांढरी पडलेली. आणि तोंडानं मला म्हणतात, "बघितलं का बाबू? डॉक्टरनंच सोडलं."

मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही.

*

दुसरा डाव नंदूचा. त्याला एका नाटकात काम मिळालं होतं, म्हाताऱ्या फौजीचं. हे खरंच होतं. तो हिवाळेंना म्हणाला, "मामा, दोन दिवस तुमच्याकडं राहतो. म्हातारा फौजी कसा असतो ते शिकवा." हिवाळे खूश! नंदू दोन दिवस तिथं राहिला, ओट्यावर झोपला, त्यांच्याबरोबर रानात हिंडला. परत आला तो ओळखू येईना. डोळे आत गेलेले.

"काका, मामा झोपतच नायत," त्यानं मला सांगितलं. "पलंगावर आडवे होतात आन् डावा पाय खाली सोडून ठेवतात, असा लोंबकळता. वर घेतला की दातात पंचा धरतात. आवाज नाय करत, मामी जागी होईल म्हणून."

"मग हे डॉक्टरला सांग की!"

"मी सांगून काय उपयोग? मामा म्हणतील, पोरगं येडं हाय. बूट त्यांनीच काढला पाहिजे."

शुगरची गोळी संपली होती, चिठ्ठी नवीन लागत होती. तेवढ्यासाठी हिवाळे परत सिव्हिलला आले. या वेळी गयामामी पण होती. मी, नंदू, ते दोघं. त्याच डॉक्टरबाई.

"काही त्रास?"

"नो मॅडम. फिट."

बाईंनी पेन उचललं. आणि नंदू म्हणाला, "मॅडम, दोनच मिनिटं. मामांनी मला एक काम शिकवलंय, ते तुम्हाला दाखवतो."

"अहो, हे काय चाललंय? बाहेर शंभर पेशंट आहेत!"

तोवर हा दारापर्यंत गेला आणि तिथून चालत आला. काय सांगू! हिवाळेच चालत आले हो. तीच ताठ मान, तीच छाती, आणि डावा पाय जमिनीला लागला न लागला की पटकन उचलायचा, पण चेहऱ्यावर रेघ नाही. टेबलाजवळ आल्यावर बोटांनी हळूच कड धरली, कुणाला दिसू नये अशी. गयामामीनं पदर तोंडाला लावला. दारात लोक गोळा झाले. "सुभेदार! सुभेदार!" कुणीतरी मोबाईल वर केला.

हिवाळेंचा चेहरा काळाठिक्कर पडला. "बंद कर," ते दबक्या आवाजात म्हणाले.

नंदूनं बंद केलं नाही. तपासायच्या पलंगावर जाऊन आडवा झाला. उशी ओढली, डावा पाय उचलून उशीवर चांगला उंच ठेवला आणि मोठ्यानं विव्हळायला लागला, "आई गं! आई गं! मेलो!"

मी मनात शिव्या घातल्या. अरे गाढवा, पाय खाली ना! मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंस आणि ऐन वेळेला विसरलास? सगळं घालवलंस! हिवाळे उठून उभे राहिले होते. मुठी आवळलेल्या, मिशी थरथरत होती. मला वाटलं, आता याच्या कानाखाली बसते. मी मध्ये पडायला पुढं सरकलो.

"चूक!" हिवाळे ओरडले.

"साफ चूक. ओरडत नाय मी! आन् पाय वर कोण घेतं? वर घेतला की आग आग होते, जीव जातो. खाली सोडायचा. खाली सोडला की जरा तरी..."

बोलता बोलता ते परत खुर्चीत बसले.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग खुर्ची ओढून हिवाळेंच्या समोर, अगदी जवळ बसल्या. "खाली सोडल्यावर बरं वाटतं?"

"व्हय मॅडम."

"किती दिवस झाले?"

हिवाळेंनी गयामामीकडं बघितलं. "होळीपासनं."

"होळीपासनं!" मामीचा आवाज चिरकला. "आन् मला म्हणत होते, उकडतंय म्हणून पाय खाली सोडलाय!"

"बूट काढा," बाई म्हणाल्या.

हिवाळे खाली वाकले. लेस सोडायला बोटं जमेनात. गयामामी त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं ती सोडली. या वेळी त्यांनी तिचा हात बाजूला केला नाही. मोजा निघाला तेव्हा मी खिडकीकडं बघायला लागलो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलेलं.

बाईंनी पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली, बराच वेळ. मग फोन उचलला. आमच्याकडं वळून म्हणाल्या, "पायाला रक्त पोचत नाहीये. आत्ताच ॲडमिट. दोन बोटं जातील, पण पाय वाचेल असं वाटतंय. अजून आठ-दहा दिवस घरी काढले असते तर मी हे म्हणू शकले नसते."

गयामामी भिंतीला टेकून रडत होती. मी पण रडलो, लपवण्यात काय अर्थ आहे! नंदू पलंगावरून उतरून कोपऱ्यात उभा होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

व्हीलचेअर आली. हिवाळे तिच्याकडं बघत राहिले, मग बसले. वॉर्डबॉय ढकलायला लागला तसा त्यांनी हात वर करून थांबवला आणि नंदूला बोटानं जवळ बोलावलं. हा हळूहळू गेला, मान खाली घालून. मामांनी त्याचा शर्ट धरून त्याला खाली ओढलं, कानाशी.

"चालणं बी चुकलंय तुझं. वळताना मी उजव्या बाजूनं वळतो. उद्या ये, सांगतो सगळं."